पाय कापण्याआधी विचारा : अँजिओप्लास्टी की बायपास?

चालताना पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं. पुढे रात्री पाऊल ठणकतं, पाय खाटेखाली सोडला तरच आराम पडतो. बोटाची जखम भरत नाही, बोट काळं पडतं. पायाच्या रक्तवाहिन्या आतून चरबी साचून अरुंद झाल्याची ही लक्षणं आहेत. विडी-सिगारेट आणि मधुमेह ही मोठी कारणं. ‘वयामुळे होतं’ म्हणून घरी बसू नका.

पायाला रक्त पुन्हा पोहोचवण्याचे दोन मार्ग आहेत.

अँजिओप्लास्टी : बहुधा जांघेतून बारीक नळी घालून तुंबलेल्या जागी फुगा फुगवतात, कधी स्टेंट बसवतात. बहुतेक वेळा तेवढीच जागा बधिर करतात. रुग्ण लवकर घरी येतो. पण वाट पुन्हा तुंबू शकते.

बायपास : रुग्णाच्याच पायातली शीर वापरून अडथळ्याला वळसा देतात. ऑपरेशन मोठं, हृदयावर ताण जास्त, टाके भरायला वेळ लागतो. मात्र शीर चांगली असेल तर हे काम जास्त टिकतं.

मग चांगलं कोणतं? पाय धोक्यात आलेल्या रुग्णांवर दोन मोठे अभ्यास झाले. २०२२ च्या ‘बेस्ट-सीएलआय’मध्ये १,८३० रुग्ण होते. ज्यांची शीर चांगली होती, त्यांच्यात पायावर मोठं संकट किंवा मृत्यू बायपासनंतर १०० पैकी ४३ जणांच्या वाट्याला आला, अँजिओप्लास्टीनंतर ५७ जणांच्या. २०२३ च्या ‘बेसिल-२’मध्ये गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्यांचे ३४५ रुग्ण होते. तिथे उलट झालं : पाय गमावणं किंवा मृत्यू बायपासनंतर १०० पैकी ६३, अँजिओप्लास्टीनंतर ५३.

म्हणजे सगळ्यांना एकच उपाय लागू नाही. अडथळा कुठे आहे, शीर कशी आहे, हृदय किती सोसेल, यावर ते ठरतं. म्हणून डॉक्टरांना आम्ही सांगतो ते चार प्रश्न विचारा :

१. पायाची डॉप्लर तपासणी झाली का?
२. बायपाससाठी शीर सोनोग्राफीने पाहिली का?
३. आमच्या रुग्णाला हाच उपाय का?
४. रक्तवाहिन्यांच्या सर्जनचं मत घेतलं का?

विष अंगात पसरत असेल तर जीव वाचवायला पाय कापावाच लागतो. तशी घाई नसेल, तर रक्तपुरवठा तपासल्याशिवाय सहीचा अंगठा उठवू नका. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या.

पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला तर सकाळची वाट पाहू नका. त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठा. आणि उपाय कोणताही होवो, विडी सुटली नाही तर तो टिकणार नाही.