मनोरा झुकू नये म्हणून

मी शाळेत असताना डोंगरीतल्या आमच्या जुन्या इमारतीत जिन्याजवळच्या भिंतीला भेग पडली होती. एक इंजिनिअर आले. त्यांनी भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली, तिच्यावर तारीख घातली आणि अब्बांना म्हणाले, "काच तडकली तर लगेच कळवा." पुढे कित्येक दिवस आम्ही भावंडं शाळेत जाताना आधी ती काच पाहायचो. भेग जुनीच आहे की अजून वाढते आहे, याचं उत्तर त्या काचेत होतं.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर स्टेशनची हकिगत वाचताना मला ती काच आठवली. हे स्टेशन १८६८ सालचं. १९९० च्या दशकात त्याच्या खालून ज्युबिली लाइन न्यायचं ठरलं. त्यासाठी ३९ मीटर खोल खड्डा खणायचा होता आणि बोगदेही. पंचाईत अशी, की खड्ड्यापासून जेमतेम ३४ मीटरवर बिग बेनचा ९६ मीटर उंच मनोरा उभा होता.

आता, जमिनीखाली बोगदा खणला तर वरच्या इमारतीला धोका का? गादीतून मूठभर कापूस काढून बघा. वर खळगा पडतो. जमिनीचंही तसंच आहे. माती काढली की आजूबाजूची माती त्या पोकळीकडे सरकते. थोडं थोडं खणून लगेच अस्तर केलं, तरी ती थोडीफार सरकतेच, आणि वर जमीन खचते. सगळी इमारत सारखी खचली तर फारसं बिघडत नाही. पण एक बाजू जास्त खचली, तर भिंतींना भेगा पडतात आणि मनोरा असेल तर तो कलतो.

पहिली काळजी नकाशावरच घेतली गेली. जाण्यायेण्याचे दोन बोगदे शेजारी शेजारी न आखता एकावर एक आखले. त्यामुळे मनोऱ्यापासून अंतर राखता आलं.

दुसरा उपाय पायाखालचा. एका विहिरीतून मनोऱ्याच्या पायाखाली आडव्या नळ्या घातल्या. नळ्यांना ठरावीक अंतरावर भोकं, आणि भोकांवर रबराची झडप. मनोरा कलू लागला, की जी बाजू खचते आहे तिच्याखालच्या भोकांतून सिमेंटचं मिश्रण दाबानं सोडायचं. जितकी जमीन खचली, तितकीच उचलायची. इथं घाई चालत नाही. जास्त मिश्रण सोडलं तर वरचा पाया बिघडेल, नाहीतर खालच्या बोगद्यावर दाब येईल. म्हणून थोडं सोडायचं, मोजायचं, मग पुढचं. या कामाला सल्ला होता प्राध्यापक जॉन बर्लंड यांचा. पिसाचा झुकता मनोरा सावरणाऱ्या समितीतही ते होते.

तिसरा उपाय म्हणजे मोजमाप. जमिनीपासून सुमारे ५५ मीटर उंचीवर मनोरा किती मिलिमीटर सरकला, याची सतत नोंद ठेवली जात होती. आमच्या काचेचंच हे मोठं भावंडं म्हणा ना!

आणि हे सगळं चालू असताना जुन्या स्टेशनातून गाड्या धावतच होत्या. तिथले रूळ ३० सेंटिमीटर खाली घ्यायचे होते. तेही रात्री गाड्या बंद असताना, थोडे थोडे करून उतरवले. डिसेंबर १९९९ मध्ये नवं स्टेशन खुलं झालं.

काम संपलं तरी जमिनीची हालचाल लगेच थांबत नाही. लंडनच्या चिकणमातीला स्थिर व्हायला वर्षं लागतात. त्यामुळे मोजणी पुढेही चालू ठेवावी लागली. मनोरा आधीपासून किंचित कललेलाच होता. आज तो सुमारे पाव अंशानं कललेला आहे. भीती नाही, पण नजर हवी.

आपल्या मुंबईतही फोर्ट, काळबादेवी, गिरगावच्या दाटीखालून भुयारी मेट्रो गेली. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेड ते आरे अशी पूर्ण धावते आहे. वर घड्याळाचा मनोरा असो की कुणाची दोन खोल्यांची बिऱ्हाडं, खाली खणताना वरच्या माणसाला धास्ती वाटणारच. ती धास्ती अडाणीपणाची नसते. मोजमाप नीट ठेवलं आणि रहिवाशांना त्याचे आकडे दाखवले, तर ती कमी होते.

आमची काच शेवटपर्यंत तडकली नाही. पण ती लावलेली होती, म्हणून अब्बांना रात्री झोप लागायची.