संकटकाळची हाक आणि स्थलनामाचा प्रश्न : बोईसर-तारापूर परिसर

संकटग्रस्ताची हाक ऐकून योग्य ते साहाय्य योग्य त्या स्थळी धाडणे, हे आपत्कालीन नियंत्रण कक्षाचे कार्य होय. यंत्रांमुळे ते पुष्कळ सुकर झाले आहे. तथापि 'योग्य स्थळ कोणते?' या प्रश्नाचे उत्तर अखेर बहुधा भाषेतूनच मिळते. पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर परिसर हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

प्रथम यंत्रणेचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. लंडन येथे १९३७ साली ९९९ हा संकटक्रमांक सुरू झाला. भारतात पोलिसांसाठी १०० व अग्निशमनासाठी १०१ असे भिन्न क्रमांक दीर्घकाळ रूढ होते. पुढे ११२ हा सामाईक क्रमांक स्वीकारण्यात आला. महाराष्ट्रात ११२ वर दिलेली हाक नवी मुंबई अथवा नागपूर येथील केंद्रात पोहोचते. तेथील कर्मचारी प्रश्न विचारून संगणकावर घटनेची नोंद करतो. ती नोंद संबंधित जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जाते व तेथून जवळच्या वाहनाला सूचना मिळते. म्हणजे हाक ऐकणारा एक आणि साहाय्य धाडणारा दुसरा. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे ती लिखित नोंद.

हाक देणाऱ्याचे स्थान मोबाईलच्या मनोऱ्यावरून अथवा उपग्रहाच्या संकेतांवरून कळते. परंतु मनोरा बिंदू दाखवीत नाही, क्षेत्र दाखवितो. आणि इमारतीच्या आत उपग्रहाचे संकेत क्षीण होतात. याहून महत्त्वाची मर्यादा अशी की, यंत्र सांगते ते हाक देणाऱ्याचे स्थान, घटनेचे नव्हे. कारखान्यात अडकलेल्या कामगाराचा भाऊ दुसऱ्या गावाहून दूरध्वनी करीत असेल, तर नकाशावरील खूण बिनचूक असूनही वाट चुकविणारी ठरते. अशा वेळी स्थलनामावाचून दुसरा आधार नसतो.

आता 'तारापूर' हे नाव पाहावे. मुळात ते समुद्रकाठच्या एका जुन्या गावाचे नाव. १९६९ साली कार्यान्वित झालेले अणुविद्युत केंद्र त्याच नावाने ओळखले जाते. आणि बोईसरला लागून असलेले औद्योगिक क्षेत्रही 'तारापूर'च. एका अभिधानाचे तीन निर्देश्य झाले. 'तारापूरला आग लागली आहे' या वाक्याचा व्याकरणदृष्ट्या काहीच दोष नाही. पण तीन ठिकाणी करावयाची उपाययोजना सर्वस्वी भिन्न आहे. अणुकेंद्रासाठी स्वतंत्र आपत्कालीन योजना असते. रासायनिक अपघातांसाठी १९९६ च्या केंद्रीय नियमांनुसार जिल्हा व स्थानिक पातळीवर संकटगटांची तरतूद आहे. गावातील घराला आग लागली, तर यांपैकी कशाचेच प्रयोजन नसते.

उलट दिशेची अडचणही आहे. एकाच स्थळाला दोन नावे असतात. औद्योगिक क्षेत्राच्या दप्तरी भूखंडाला अक्षर व अंक असतात. लोकांच्या तोंडी मात्र 'कॅम्लिन नाका' अशी कारखान्यावरून पडलेली नावे. आसपासच्या ग्रामीण भागात 'पाडा' हे वस्तीचे एकक असून पाटीलपाडा यासारखे नाव एकाहून अधिक गावांत आढळते. पाडा हे बहुधा स्वतंत्र महसुली गाव नसल्यामुळे गावांच्या यादीत तो सापडेलच असे नाही. त्यात वारली, वाडवळी, गुजराती, हिंदी बोलणारांच्या उच्चारभेदांची भर पडते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. नकाशाच्या कोशात दप्तरी नावाबरोबर लोकनामे व उच्चारभेद पर्याय म्हणून नोंदले गेले पाहिजेत. हे काम क्षेत्रीय भाषाभ्यासकाचेच आहे. तसेच 'कोठे?' हा प्रश्न पुरेसा नाही. 'गाव, औद्योगिक क्षेत्र की अणुकेंद्र?' असा विकल्पयुक्त प्रश्न हवा, व त्यापाठोपाठ 'आपण स्वतः तेथेच आहात काय?' हाही. या दोन प्रश्नांस काही क्षण लागतात. भलत्या तारापुरास गेलेले वाहन परत फिरविण्यास मात्र जी मिनिटे लागतात, ती संकटग्रस्ताच्या आयुष्यातून वजा होतात.