गाडीत फ्रिज? आधी बॅटरीला विचारा!

ग्रुपचं नाव ठरलंय, डीपी लागलाय, कुणाच्या तरी काकांची ईको चार दिवसांसाठी मिळालीये. मागे फळी टाकून त्यावर गादी, खिडक्यांना पडदे, आणि संगमेश्वरातून जे निघायचं ते वाटेत मनाला येईल तिथे थांबत थेट गोव्यापर्यंत. इथवर सगळ्यांचं एकमत असतं. मग कुणीतरी टाकतं, ‘गाडीत फ्रिज बसवूया का?’ आणि पुढचे दोन दिवस ग्रुपवर नुसत्या लिंका पडत राहतात. तीस लिटर की पन्नास? काळा की राखाडी? झाकणावर एलईडी आहे का?

मंडळी, लिटर शेवटी बघा. गाडीतला फ्रिज ही खरं तर विजेची गोष्ट आहे.

घरात फ्रिजला वीज कुठून येते, याचा आपण कधी विचार करत नाही. गाडी उभी केली, इंजिन बंद केलं की मात्र तुमच्याकडे असते फक्त एक बॅटरी. छोट्या व्हॅनची बॅटरी असते साधारण 35 अँपिअर-तासांची. ती इंजिनला एक जोरदार धक्का देऊन जागं करायला बनवलेली असते, रात्रभर थेंब थेंब वीज पुरवायला नाही. आता फ्रिज बघा. चाळीस लिटरचा 12 व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज चालू असताना ढोबळमानाने 45 वॉट खातो. तो सतत चालत नाही, थंड झालं की थांबतो. पण मे महिन्यातल्या कोकणात तो दिवसातले निदान बारा तास घरघरणार, हे धरून चाला. म्हणजे 540 वॉट-तास. भागिले 12 व्होल्ट, आले 45 अँपिअर-तास. बॅटरी 35 ची, खर्च 45 चा. पहाटे सहा वाजता साखरप्याजवळ कुठेतरी चावी फिरवाल तेव्हा फक्त ‘टक टक’ ऐकू येईल. मग पुढे आंबा घाट आणि मागे धक्का मारणारे मित्र.

म्हणून फ्रिजसाठी वेगळी बॅटरी लागते, आणि ती फ्रिजच्या आधी ठरवायची. साधी लेड-अ‍ॅसिड 100 अँपिअर-तासांची घेतली, तरी तिच्यातली निम्मीच वापरायची असते. त्याहून खाली नेत राहिलात तर ती लवकर मरते. म्हणजे जेमतेम एक दिवस. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग आहे, पण ती बरीचशी रिकामी केली तरी कुरकुरत नाही आणि वजनाला निम्म्याहून हलकी असते. तिच्यावर फ्रिज दोन दिवसांच्या आसपास निघतो.

आता फ्रिजकडे वळू. बाजारात ‘कार फ्रिज’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळे प्राणी विकले जातात.

पहिला स्वस्त. दोन-चार हजारांत मिळतो, हलका असतो, एका बटणावर गार आणि गरम दोन्ही करतो. हा पेल्टियरवाला. जाँ पेल्टिए या फ्रेंच माणसाने 1834 मध्ये दाखवलं, की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली तर सांधा एका दिशेने थंड होतो, उलट्या दिशेने गरम. आयडिया भारी आहे. पण हे डबे बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण 15 ते 20 अंशच खाली जातात. बाहेर 36 असेल तर आत 16 ते 21. एवढ्यात कोल्ड्रिंक पिण्याजोगं राहतं, दूध नाही, मासे तर नाहीच नाही. आणि गंमत म्हणजे हा थांबत नाही. 50 वॉटने चोवीस तास चालला तर 1200 वॉट-तास, कंप्रेसरवाल्याच्या दुपटीहून जास्त. घेताना स्वस्त, चालवताना महाग.

दुसरा प्राणी मला सगळ्यात आवडतो आणि कोकणासाठी सगळ्यात कमी चालतो. अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज. परदेशी कॅम्परमध्ये वर्षानुवर्षं हाच असायचा. यात कंप्रेसर नाही, हलणारा एकही भाग नाही, आवाज नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन नळ्यांमध्ये बंद असतात. खालून उष्णता दिली की अमोनिया पाण्यातून सुटतो, थंड होऊन द्रव होतो, मग हायड्रोजनच्या सोबतीने त्याची वाफ होते आणि ती होताना आतली उष्णता ओढून घेते. म्हणजे आग लावून गारवा! हे 1922 मध्ये शोधलं कुणी? स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकणाऱ्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी. तीन वर्षांत इलेक्ट्रोलक्सने त्याचं उत्पादन सुरूही केलं. पुढे आइनस्टाइन आणि झिलार्ड या जोडीनेही हलत्या भागांशिवायच्या फ्रिजचं पेटंट घेतलं होतं, पण तो घराघरात कधी पोहोचला नाही. (फायनल इयर प्रोजेक्टसाठी विषय शोधताय ना? घ्या.)

घोटाळा असा, की यातला द्रव निव्वळ गुरुत्वाकर्षणाने वाहतो. गाडी फार कललेली उभी केली की ते चक्र अडतं. जुन्या मॉडेल्सना तर तीनेक अंशांचा कलही सोसत नाही. तसंच खूप वेळ ठेवलं तर फ्रिज कायमचा बिघडू शकतो. आता आपल्याकडे सपाट जागा शोधून दाखवा! देवरुख घ्या, मार्लेश्वरचा पायथा घ्या, कुणाच्याही घरासमोरची जांभ्याची पाखाडी घ्या, सगळं चढ नाहीतर उतार. कंप्रेसरवाले चांगले फ्रिज 30 अंशांपर्यंत तिरपे झाले तरी चालतात. शिवाय अ‍ॅब्सॉर्प्शनवाला भर उन्हाळ्यात हाशहुश करतो आणि बॅटरीवर लावला तर पेल्टियरहून जास्त वीज पितो. तो खरा चालतो गॅसवर.

आणि गॅस इथे थट्टेचा विषय नाही. डिसेंबर 2024 मध्ये केरळातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. जनरेटरमधून आलेला कार्बन मोनॉक्साइड आत साचला होता, असं तपासात निष्पन्न झालं. या वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. बंद गाडीत जळणारी कुठलीही गोष्ट, मग ती फ्रिजची ज्योत असो, शेगडी असो की फ्रिजच्या बॅटरीसाठी लावलेला छोटा जनरेटर, हाच वायू सोडू शकते. एलपीजी तर हवेपेक्षा जड, गळला तर फरशीवर, म्हणजे नेमका तुमच्या गादीच्या उंचीवर साचतो. कारखान्यातून तयार होऊन आलेल्या कॅराव्हॅनमध्ये धूर बाहेर नेणारी स्वतंत्र वाट असते. ईकोत घरचा सिलिंडर ठेवून असला जुगाड करू नका. इथे मी ‘जमलं तर टाळा’ म्हणत नाहीये.

राहिला तिसरा, 12 व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज. चांगल्या मोबाईलइतका महाग, पण उणे 18 पर्यंतही जातो. कोकणातल्या गाडीसाठी घ्यायचाच असेल तर हाच. वरून उघडणारा पेटीसारखा घ्या. थंड हवा जड असते, झाकण उघडलं तरी ती पेटीतच बसून राहते. पुढून दार असलेल्या फ्रिजमधून ती सरळ पायांवर सांडते. आणि कुणी घरचा मिनी फ्रिज इन्व्हर्टरवर लावायचं सुचवेल. होतं ते. पण साधा कंप्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, त्यासाठी इन्व्हर्टर मोठा घ्यावा लागतो आणि तो स्वतःही थोडी वीज खात बसतो. ज्यांच्याकडे फ्रिज पडूनच आहे, त्यांनी विचार करावा.

खरेदी करताना फ्रिजच्या पाठीमागची पट्टी वाचा. तिथे क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. ‘एन’ म्हणजे बाहेर 32 अंशांपर्यंत, ‘एसटी’ म्हणजे 38, ‘टी’ म्हणजे 43. आपल्याला ‘टी’ हवा, कारण उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचा तंदूर होतो.

बसवणं हे निम्मं काम वायरचं आहे, आणि लोक नेमके तिथेच पैसे वाचवतात. बॅटरीपासून फ्रिज पाच मीटर लांब आहे समजा. जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. वायर दीड चौरस मिलिमीटरची असेल तर 5 अँपिअरला त्यातच अर्ध्या व्होल्टहून जास्त गळती. बॅटरीत 12.2 आहेत, फ्रिजला दिसतात 11.6. त्याला वाटतं बॅटरी संपली, आणि तो स्वतःला बंद करतो. दोष फ्रिजला देतो आपण! सहा चौरस मिलिमीटरची वायर टाकली की हीच गळती 0.15 व्होल्टच्या आत येते. बारावीचं फिजिक्स कुठेतरी उपयोगी पडलं म्हणायचं. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर 15 अँपिअरचा फ्यूज हवाच, कारण वायर पत्र्यावर घासून सोलली तर आग लागायला काही सेकंद पुरतात. सिगारेट लायटरच्या भोकात पिन घालून काम भागवू नका. हायवेच्या खड्ड्यांत ती पिन सैल होते आणि सैल पिन तापते. अँडरसन कनेक्टर वापरा. आपल्या दमट हवेत टोकं हिरवी पडतात, म्हणून ती नीट क्रिंप करून वर हलका व्हॅसलीनचा हात फिरवा.

गाडी चालताना फ्रिजची बॅटरी चार्ज व्हावी यासाठी दोन्ही बॅटऱ्या नुसत्या तारेने जोडू नका, मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवा. 20 अँपिअरचा असेल तर तीन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये फ्रिजचा दिवसभराचा खर्च भरून निघतो. छतावर 200 वॉटचं सोलर पॅनल असेल तर डिसेंबरच्या लख्ख दिवशी तेही एवढं करतं. जुलैत मात्र ते विसरा. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात आपण राहतो. सलग दोन दिवस आभाळ उतरलेलं असलं की पॅनल चौथा हिस्साही देत नाही.

फ्रिजच्या जाळीपुढे चार बोटं तरी जागा मोकळी सोडा. तिथूनच आतली उष्णता बाहेर पडते, आणि नेमकी तिथेच कुणीतरी उशी कोंबतं. पेटी पट्ट्यांनी करकचून बांधा. भरलेला फ्रिज तीस-पस्तीस किलोंचा होतो, अर्जंट ब्रेक लागला की तो पुढच्या सीटवर येणार. तळाला भोक पाडून ब्रॅकेट ठोकण्याआधी गाडीखाली वाकून बघा, तिथे पेट्रोलची नळी असते. बांधलेली पेटी हे सामान झालं. पण छत कापणं, बाजूला खिडकी पाडणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली येणारा बदल. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं ते अशा रीतसर नोंदलेल्या गाड्यांसाठी, काकांच्या ईकोसाठी नाही.

एवढं सगळं वाचून दमलात? मग आता खरं सांगते. दोन रात्रींच्या ट्रिपला फ्रिज घेऊच नका. मिरकरवाड्याच्या बंदरात बोटी बर्फ भरून समुद्रात जातात, आपल्याकडे दारावर येणारी मासेवाली मावशी बर्फावरच मासे टिकवते. दहा किलो बर्फ वितळताना सुमारे 930 वॉट-तास उष्णता शोषून घेतो. तुमचा तो महागडा फ्रिज दिवसभर राबून साधारण एवढंच करतो. जाड भिंतींची बर्फपेटी, लादीचा मोठा तुकडा (चुरा लवकर वितळतो) आणि पाणी काढायला खाली बूच. बॅटरी नाही, फ्यूज नाही. राजवाडी, तुरळला जमिनीतून गरम पाणी फुकट येतं. गार पाण्याचे एवढे तरी मोजावे लागणारच.

फ्रिज लागतो तो तीन-चार दिवसांच्या पुढे, रोज दूध-मासे-चिकन लागणार असेल तर. किंवा ग्रुपमध्ये कुणी इन्सुलिन घेत असेल तर. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं, आणि ते एकदा गोठलं की टाकून द्यावं लागतं. बर्फाला ते नुसतं टेकलं तरी धोका. कंप्रेसर फ्रिजमध्येही भिंतीला आणि तळाला गारठा जास्त असतो, म्हणून ते टॉवेलात गुंडाळून मधोमध, आणि शेजारी वेगळा थर्मामीटर. फ्रिजच्या स्क्रीनवरचा आकडा एकाच ठिकाणचा असतो.

निघायच्या आदल्या रात्री गाडी अंगणात लावा. फ्रिज दिवसभर घरच्या विजेवर आधीच गार केलेला असू दे, सामानही गार करूनच भरा, मग तो बॅटरीवर टाका. आत थर्मामीटर, बाहेर मल्टिमीटर. रात्री दहाला दोन्ही आकडे वहीत लिहा, पहाटे सहाला पुन्हा लिहा. सगळ्यांचे फोनही त्या रात्री त्याच बॅटरीवर लावा, कारण ट्रिपमध्ये ते लागणारच आहेत.