डी ड्राइव्ह लाल झाला म्हणून काही डिलीट करू नका



बारावीचा निकाल लागला की खापरमधल्या आमच्या अभ्यासिकेतल्या लॅपटॉपला उसंत नसते. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीचा अर्ज, सगळं त्या एकाच यंत्रावर. पोरांच्या अक्कलकुव्याच्या चकरा वाचाव्यात म्हणून कागद इथेच स्कॅन करायचे आणि अर्ज इथूनच भरायचे, अशी पद्धत आम्ही पाडली आहे. दोन वर्षांपूर्वी ऐन गर्दीत या लॅपटॉपच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकोन यायला लागला. लो डिस्क स्पेस, रिकव्हरी डी. बंद केला की थोड्या वेळाने पुन्हा हजर.

तिथे बसणाऱ्या आमच्या कार्यकर्त्याने ‘दिस पीसी’ उघडलं. डी ड्राइव्हची पट्टी लालभडक. त्याने साफसफाई सुरू केली. जे फोल्डर अनोळखी होते त्यांना हात लावायची त्याला भीती वाटली, ते तसेच ठेवले. जे ओळखीचे होते, म्हणजे आमचेच मागच्या वर्षांचे स्कॅन, ते ‘आता जुने झाले’ म्हणून शिफ्ट-डिलीट केले. चौकोन यायचा थांबला आणि सगळे खूश झाले. पंधरा दिवसांनी एका मुलाच्या पडताळणीसाठी त्याच्या पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा हवा होता. मूळ कागद पावसाळ्यात घरातच भिजून गेला होता. स्कॅन आमच्याकडे होता, आता नव्हता. शाळेतून नवा उतारा मिळेपर्यंत दोन महिने गेले.

ज्यांनी पडताळणी केली आहे त्यांना हे कागद काय असतात ते सांगायला नको. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा, म्हणजे बहुतेकांच्या घरात एखाद-दुसरा कागद. आपल्या बौद्ध घरांतही जुन्या जातीची नोंद असलेला तोच कागद शोधावा लागतो. असा कागद एका चौकोनाच्या धाकाने गेला. चूक त्या कार्यकर्त्याची म्हणवत नाही, कारण त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं की तो ड्राइव्ह भरलेला दिसणं हीच त्याची नेहमीची अवस्था आहे.

कंपनीचा लॅपटॉप विकत घेतला की त्याच्या डिस्कचा एक तुकडा कंपनीने आधीच वेगळा काढलेला असतो. त्याला रिकव्हरी पार्टिशन म्हणतात. विंडोज पूर्ण बिघडली तर लॅपटॉप पहिल्या दिवशी होता तसा करण्यासाठी लागणाऱ्या फाइल त्यात असतात. विंडोज ७ च्या काळातल्या यंत्रांत हा तुकडा बहुधा दहा ते वीस जीबीचा. एचपीत सुरू होताना एफ-११, एसरमध्ये ऑल्ट आणि एफ-१०, आसूसमध्ये एफ-९ दाबलं की यंत्र याच जागेतून स्वतःला उभं करतं. जेवढ्या फाइल, तेवढीच जागा कंपनी ठेवते, म्हणून तो सुरुवातीपासूनच जवळपास भरलेला. एक्सप्लोररचा नियम मात्र ठोकळ आहे: दहा टक्क्यांहून कमी जागा उरली की पट्टी लाल. धान्याची कणगी भरली म्हणून कोणी घाबरत नाही. विंडोजला मात्र कणगी आणि ओसरी यातला फरक कळत नाही.

मग आमचे स्कॅन तिथे गेले कसे? इथे मला समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून जरा थांबावंसं वाटतं. आपल्याकडे एक शिकवण तोंडोतोंडी चालत आली आहे: “सीवर काही ठेवू नका, फॉरमॅट मारला की जातं. डीवर ठेवा.” वीस वर्षांपूर्वी सायबर कॅफेत आणि संगणकाच्या क्लासमध्ये जे असेंबल केलेले पीसी होते, त्यांच्यासाठी हा सल्ला शंभर टक्के बरोबर होता. तिथे दुकानदार डिस्कचे दोन-तीन भाग पाडून द्यायचा, सी विंडोजला आणि डी आपल्याला. नंतर लॅपटॉप आले, शहरातून वापरलेले, दान मिळालेले. त्यातला डी वेगळाच होता, पण सल्ला बदलला नाही. मीच हा सल्ला किमान पन्नास जणांना दिला असेल.

तर चौकोन आला की आधी तो नीट वाचा. त्यात ड्राइव्हचं अक्षर लिहिलेलं असतं. सी लिहिलं असेल तर जागा खरंच संपत आली आहे. तो वेगळा विषय, तिथे डिस्क क्लीनअप चालवा, डाउनलोड फोल्डर बघा. अक्षर डी किंवा ई असेल आणि नावात रिकव्हरी लिहिलं असेल, तर काहीही न पुसता तो ड्राइव्ह उघडा आणि ‘व्ह्यू’मध्ये जाऊन लपलेल्या फाइल दिसतील असं करा. रिकव्हरी, बूट, प्रीलोड अशा नावांचे फोल्डर कंपनीचे. त्यांना हात लावायचा नाही. त्यातली एक फाइल गेली तरी गरज पडेल त्या दिवशी रिकव्हरी अर्ध्यात थांबू शकते.

उरलेलं आपलं. आपल्या फाइल कट करू नका, आधी कॉपी करा. एक प्रत सीवर, एक पेन ड्राइव्हवर. दोन्हीकडे चार-पाच फाइल उघडून बघा आणि मगच डीवरच्या पुसा. तिसरी प्रत गुगल ड्राइव्हवर टाकता आली तर उत्तम, १५ जीबी फुकट मिळते आणि स्कॅनसाठी ती पुष्कळ होते. डिजिलॉकरमध्ये अलीकडचे काही दाखले आपोआप मिळतात, पण पणजोबांच्या रजिस्टरचा उतारा तिथे आपल्यालाच चढवावा लागतो.

कधीकधी आपण काहीच ठेवलेलं नसतं आणि तरी जागा संपते. तिथे बहुतेक वेळा विंडोजचा बॅकअप गुन्हेगार असतो. कोणीतरी कधीतरी बॅकअप सुरू करताना जागा म्हणून डी निवडलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे: तुमच्या संगणकाच्याच नावाचा एक फोल्डर आणि शेजारी ‘मीडियाआयडी’ नावाची छोटी फाइल. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ उघडा, बॅकअपची जागा बदलून बाहेरची हार्ड डिस्क द्या, मग डीवरचा जुना बॅकअप काढा. एकाच डिस्कच्या दुसऱ्या तुकड्यावर घेतलेल्या बॅकअपचा उपयोग तसाही थोडाच. डिस्क मेली की दोन्ही गेले. तिथे काही सापडलं नाही तर ‘सिस्टम प्रोटेक्शन’मध्ये डीसमोर ‘ऑन’ लिहिलंय का बघा. असेल तर फक्त डीसाठी बंद करा. सीसाठी ते चालूच राहू द्या.

आणि काहीच सापडलं नाही तर? मग तो ड्राइव्ह दिसायलाच नको. बऱ्याच यंत्रांत हा तुकडा लपलेलाच असतो, अपडेटच्या गोंधळात त्याला चुकून अक्षर मिळतं. विंडोज १० च्या एप्रिल २०१८ च्या मोठ्या अपडेटनंतर जगभर अनेकांच्या यंत्रांत असंच झालं आणि त्या चौकोनाने लोकांना भंडावून सोडलं. स्टार्टवर उजवं बटण दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा, रिकव्हरीच्या तुकड्यावर उजवं बटण दाबा, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मध्ये जाऊन ‘रिमूव्ह’ करा. यात फक्त अक्षर जातं, आतल्या फाइल जागच्या जागी राहतात. त्याच यादीत ‘डिलीट व्हॉल्यूम’ आणि ‘फॉरमॅट’ही असतात. माउस हळू चालवा. त्या यादीत ‘हेल्प’शिवाय काही चालत नसेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एम-ओ-यू-एन-टी-व्ही-ओ-एल ही कमांड टाइप करा, मग स्पेस, ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन, पुन्हा स्पेस, तिरकी रेघ आणि डी. हेही काम अक्षर काढण्याचंच करतं. पण आपल्या फाइल आत असताना अक्षर काढलं तर त्याही नजरेआड होतील, म्हणून हे सगळ्यात शेवटी.

दुरुस्तीवाल्याबद्दल एक शब्द. “हा तुकडा उडवून सी मोठा करून देतो,” असं कोणी म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. पंधरा जीबी मिळतात, पण कंपनीची विंडोज परत आणायची घरची वाट बंद होते. मग पुढच्या बिघाडाला कुठून तरी आणलेली चोरीची विंडोज पडते. उडवायचाच असेल तर आधी ‘क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह’ वापरून निदान १६ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करून घ्या. तो बनवताना आत असलेलं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामाच घ्या. पार्टिशन लहानमोठं करण्याचं काम विजेच्या भरवशावर तर अजिबात करू नका. बॅटरी पूर्ण भरलेली नसेल तर लॅपटॉप बंद करा आणि घरी जा.

चुकून पुसलंच गेलं, तर त्या क्षणापासून यंत्र वापरणं थांबवा. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते आणि नवं काही लिहिलं की ती झाकली जाते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये परत मिळण्याची आशा बरीच असते, नव्या एसएसडीमध्ये फार कमी. मायक्रोसॉफ्टचं ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ फुकट आहे. ते चालवताना परत मिळालेल्या फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर घ्यायच्या, त्याच नाही. आम्ही हे शिकलो तोवर पंधरा दिवस त्या लॅपटॉपवर अर्ज भरले गेले होते.

त्या लॅपटॉपचं डी हे अक्षर आता काढलेलं आहे. स्कॅन सीवर गावाच्या नावाने फोल्डर करून ठेवतो आणि दर शनिवारी दोन पेन ड्राइव्हवर उतरवतो. एक अभ्यासिकेच्या कपाटात, दुसरा त्याच कार्यकर्त्याच्या घरी.