उन्हाळी कांद्याची थेट विक्री : संकेतस्थळ आणि व्हॉट्सअ‍ॅप

जुलै २०१६ पासून राज्यात फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यास मुभा आहे. केंदूर परिसरातील उत्पादक कंपनीने पुण्याच्या सोसायट्यांना थेट कांदा द्यावयाचा झाल्यास मालाची प्रत व पत्ता संकेतस्थळावर द्यावा. रोज बदलणारा दर मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरच कळवावा. संकेतस्थळावर जुना दर राहिला की वाद होतो, गिऱ्हाईक तुटते. २०१८ साली आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये आता छायाचित्रांसह मालाची यादी ठेवता येते. तिचा दुवा संकेतस्थळावर द्यावा. छायाचित्र निवडक कांद्याचे नको, भरलेल्या गोणीचे असावे. पात सुकल्यावर २ ते २.५ सें.मी. मान ठेवून कापलेला, सावलीत १० ते १२ दिवस सुकविलेला कांदाच पाठवावा. ओल्या मानेचा कांदा घरात सडला, तर त्याचेही छायाचित्र त्याच गटात फिरते! असा माल तत्काळ बदलून द्यावा व तसे गटात लिहावे.