सासूबाईंच्या फडताळातली बिलोरी काच

आज आम्ही काचेवर बोलणार आहोत. बांगडीच्या नाही, खिडकीच्याही नाही. जुन्या घरात कुठेतरी फडताळात, संदुकीत, माळवदाच्या खोलीत जुनेऱ्यात गुंडाळून ठेवलेली जी काच असते, तिच्यावर.

हा विषय का घेतला ते आधी सांगतो. आमच्या गटातल्या एका काकूंच्या माहेरचा वाडा दोन पावसाळ्यांपूर्वी उतरवला. गोदाकाठचं गाव, चिरेबंदी वाडा, दिवाणखान्यात झुंबर. वाटण्या झाल्या तेव्हा सागवान मोजलं, चिरे मोजले, तांब्या-पितळेची भांडी तराजूत घातली. झुंबर मात्र कोणी मोजलं नाही. त्याचे लोलक पोरांना खेळायला दिले, पितळी दांडा मोडीत गेला आणि उरलेली काच भंगारवाल्याने पोत्यात भरून नेली. "लई जड हाय ही काच," असं तो म्हणाला होता म्हणे. ती जड का होती, हे तेव्हा तिथे कोणाला ठाऊक असतं तर पोतं दारातून गेलं नसतं. काकूंकडे आता अकरा लोलक आहेत, तेही भाचरांकडून चिंचा-बोरं देऊन परत घेतलेले.

तर ती जड का होती?

साधी काच वाळू, सोडा आणि चुना यांची होते. १६७४ साली लंडनमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट नावाच्या माणसाने काचेत शिशाची भस्म घालून नवी काच केली आणि तिचं पेटंट घेतलं. ही काच दिसायला थेट स्फटिकासारखी, म्हणून तिला क्रिस्टल म्हणू लागले. खरा स्फटिक म्हणजे दगड, आपल्या जपमाळेतला. हा क्रिस्टल म्हणजे शिसं घातलेली काच. आपल्याकडे तिला बिलोरी म्हणतात. फारसीत स्फटिकाला बिल्लूर म्हणतात, त्यावरूनच हा शब्द आला. युरोपात आज शंभर भागांत निदान चोवीस भाग शिशाची भस्म असेल तरच लेड क्रिस्टल हे नाव लावता येतं. शिशामुळे तीन गोष्टी होतात. काच जड होते, प्रकाश जास्त वाकवते आणि जराशी मऊ होते. मऊ झाल्यामुळे फिरत्या चाकावर धरून तिला पैलू पाडता येतात. झुंबराच्या लोलकातून भिंतीवर सप्तरंग पडतात ते या पैलूंमुळे.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या परभणीत कुठलं आलं क्रिस्टल? तर आपला जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबादला नवाब-उमरावांच्या महालांत झुंबरांची मोठी हौस. चौमहल्ला राजवाड्याच्या दरबारात बेल्जियमची झुंबरं अजून लटकतात. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने तर आपल्या देशातलं गिऱ्हाईक पाहून १८४०च्या दशकात कलकत्त्यात दुकानच थाटलं होतं. पुढे १९००च्या सुमारास हैदराबाद–मनमाड रेल्वे झाली. पूर्णा, परभणी, मानवत, सेलू ही गावं रुळावर आली आणि जे हैदराबादच्या, मुंबईच्या बाजारात मिळे ते इथल्या देशमुख-सावकारांच्या वाड्यांत येऊ लागलं. हंड्या, झुंबरं, अत्तराच्या कुप्या, सरबताचे पेले. एखादा पेला मग लग्नात भेट म्हणून, एखादी कुपी मालकिणीने खुशीने दिलेली, असं करत ती काच लहान घरांतही पोचली. तेव्हा "आपलं कुठलं एवढं" म्हणून फडताळ न उघडता बसू नका.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही हेच केलं. वाण लुटायच्या आधी प्रत्येकीने घरातली एक जुनी काचेची वस्तू आणायची, असं ठरवलं. तेवीस वस्तू जमल्या. खऱ्या बिलोरी निघाल्या चार. बाकीच्या वाईट होत्या असं नाही, पण त्या दुसऱ्या जातीच्या होत्या. कशा ओळखल्या ते सांगतो.

पहिलं, हातात घ्या. एकाच मापाचे दोन पेले दोन हातांत धरले तर बिलोरी पेला साधारण पाचव्या हिश्शाने जड लागतो. पण जाड बुडाचा साधा पेलाही जड असतो, म्हणून एवढ्यावर थांबायचं नाही.

मग आवाज. पेला बुडाकडून दोन बोटांत धरायचा आणि काठावर नखाने हलकेच टिचकी मारायची. साधी काच टक् करून गप्प होते. बिलोरी काच देवघरातल्या घंटीसारखी लांबत राहते. चमच्याने वाजवू नका, आमच्यातल्या एकीने उत्साहात वाजवलं आणि काठाचा टवका गेला. सगळी भांडी वाजत नाहीत, हेही लक्षात ठेवा. कान असलेला कप, बसकी वाटी, अरुंद गळ्याची कुपी खऱ्या बिलोरीची असली तरी मुकी राहते.

तिसरी परीक्षा बोटाची, आणि आमच्या मते हीच सगळ्यात भरवशाची. नक्षीवरून बोट फिरवा. कारागिराने चाकावर धरून पाडलेल्या पैलूची कड अणकुचीदार लागते, जवळजवळ टोचते. साच्यात दाबून केलेल्या काचेची नक्षी मात्र विरघळत्या खडीसाखरेसारखी गुळगुळीत, गोलसर असते. काच यंत्राने साच्यात दाबायची युक्ती अमेरिकेत १८२०च्या दशकात निघाली आणि पैलूदार काचेची नक्कल स्वस्तात होऊ लागली. साच्यातल्या वस्तूवर एक खूण राहते. साचा दोन-तीन तुकड्यांचा असतो आणि तुकडे जिथे जुळतात तिथे काठापासून बुडापर्यंत केसासारखी उभी रेघ उठते. प्रकाशात फिरवून पाहा. आमच्या तेवीसपैकी नऊ वस्तूंवर ती रेघ सापडली. त्यातला एक पेला "निजामाच्या वेळचा" म्हणून आला होता. ज्या आजी घेऊन आल्या त्यांचा चेहरा उतरला, पण पेला देखणाच होता आणि त्यातलं सरबत त्यांनी पन्नास वर्षं पाहुण्यांना दिलंय.

आता वस्तू उलटी करा. फुंकून केलेली काच कारागीर बुडाला लोखंडी कांब चिकटवून धरतो. कांब तोडली की तिथे खडबडीत वण राहतो, नाहीतर तो घासून काढल्यावर वाटोळा खळगा राहतो. शिवाय वस्तू खरंच वापरात असेल तर बूड जिथे टेकतं तिथे बारीक ओरखडे असतात, सगळ्या दिशांनी वेडेवाकडे. एकाच दिशेने सरळ ओरखडे दिसले तर कोणीतरी वस्तू मुद्दाम घासून जुनी केली आहे, असा संशय घ्या.

बुडावर अक्षरं असतील तर ती आधी वाचा. "मेड इन अमुक" असं लिहायची पद्धत १८९१च्या पुढे रुळली. अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव बंधनकारक केलं, तेव्हापासून. म्हणजे तसं लिहिलेली वस्तू सहसा त्यानंतरचीच. चेकोस्लोव्हाकिया हा देश १९१८ साली झाला आणि १९९३च्या सुरुवातीला त्याचे दोन देश झाले. त्या नावाचा शिक्का असलेली फुलदाणी "दोनशे वर्षांची" आहे असं कोणी सांगत असेल, तर चहा पाजून वाटेला लावा. आपल्याकडे बेल्जियम या नावाची फार भुरळ. कुठलाही जुना आरसा, कुठलीही जुनी हंडी, सगळं बेल्जियमचंच. बेल्जियममध्ये व्हॅल सेंट लॅम्बर्टसारखा नामांकित कारखाना १८२६ साली निघाला हे खरं, पण शिक्का नसताना नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवू नये.

हंड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या भागात लोलकांपेक्षा हंड्याच जास्त सापडतात. लाल, हिरव्या, निळ्या, दुधी. हंडी पातळ फुंकलेली असते, त्यामुळे ती जड नसते आणि तिला पैलूही कमी असतात. जुन्या टांगत्या दिव्यांत खाली पाणी, वर तेल आणि तेलावर तरंगती वात असे. म्हणून आतल्या बाजूला तेलाचा पिवळट पट्टा दिसला तर तो घासून काढायची घाई नको, तो वापराचा पुरावा आहे.

आणि जे बिलोरी नाही ते टाकून द्यायचं का? मुळीच नाही. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना काढला. स्वदेशीच्या चळवळीतलं ते लेकरू. १९१६ साली औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या जागेत ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला. कराडजवळची ओगलेवाडी ती हीच. तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर पोचला. तुमच्या गोठ्यात गंजका कंदील असेल तर पत्र्यावर उठावाची अक्षरं आहेत का बघा. आम्हाला विचाराल तर बेल्जियमच्या तुकड्यापेक्षा ती काजळलेली चिमणी आम्ही आधी उचलू. उरुसा-जत्रेत मिळायची ती गोटी सोड्याची बाटलीही जपावी. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची ती युक्ती १८७०च्या दशकातली. प्लॅस्टिकच्या बाटलीपुढे ती मागे पडली.

आता एक गोष्ट जरा कान देऊन ऐका. बिलोरी भांड्यात लोणचं, लिंबाचं सरबत, चिंचेचं पाणी, व्हिनेगर ठेवायचं नाही. आंबटाने काचेतलं शिसं पदार्थात उतरतं आणि जितके दिवस ठेवाल तितकं जास्त उतरतं. शिसं पोटात गेलं की लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक, गरोदर बाईला आणि पोटातल्या बाळालाही घातक. आमच्या हळदीकुंकवाला आलेल्या चार बिलोरी वस्तूंपैकी एक झाकणाची वाटी होती आणि त्या घरात तीत लिंबाचं लोणचं असायचं. घरात पाच वर्षांची नात. त्या वहिनींनी त्याच संध्याकाळी लोणचं फेकलं आणि वाटीत आता सुपारी-बडीशेपही नाही, ती रिकामीच शोभेला आहे. तुमच्याकडे असं भांडं असेल तर ते खाण्यापिण्यात आणूच नका, बाळाला त्यातून पाणी-दूध तर नकोच. मनात शंका राहिली तर डॉक्टरांना सांगा, रक्तातलं शिसं तपासता येतं.

धुण्याचं सांगतो. राख, वाळू, तारेची घासणी बिलकूल नाही. काच मऊ असते, कायमचे चरे पडतात. टबात खाली जाड टॉवेल घाला, कोमट पाणी, थोडा साबण, एका वेळी एकच वस्तू. थंडीत गार झालेल्या काचेवर उकळतं पाणी ओतलं तर ती तडकते. आपल्या बोअरच्या पाण्याने पांढरी पुटं चढतात, ती व्हिनेगर घातलेल्या पाण्याने थोड्या वेळात सुटतात. त्यानेही धुरकटपणा गेला नाही तर ती काचच आतून आजारी झाली आहे, घासून उपयोग नाही. ठेवताना पेला पालथा ठेवू नका, काठ सगळ्यात नाजूक. एकात एक तर कधीच घालू नका. जुन्या लुगड्याचं मऊ कापड मध्ये घाला.

विकायचं की ठेवायचं हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. अडचणीत विकावं लागतं, त्यात लाज नाही. फक्त किलोवर विकू नका आणि पहिल्याच माणसाला देऊ नका. आमच्याच एका मावशींकडून शहरातल्या एका व्यापाऱ्याने हंड्यांची जोडी नेली, "एक फुटकी आहे" म्हणत दोन्ही एकीच्या भावात. फुटकी कुठे, ते त्यांनी विचारलंच नाही. कायदाही माहीत असू द्या. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तू परदेशी पाठवता येत नाहीत आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. मग कोणी घाईने, अंधारात माल मागत असेल तर का ते ओळखा. आणखी एक, गटाच्या बचतीतून किंवा कर्जातून जुनी काच विकत घेऊ नका. भाव वर-खाली होतो आणि टवका उडाला की पैसे बुडाले. जमवायचंच असेल तर घरातलं आधी ओळखा.

आम्ही एक वही केली आहे. प्रत्येक वस्तूचं एक पान. मोबाईलवर फोटो, शेजारी मापासाठी रुपयाचं नाणं, उंची, रंग, टवका कुठे आहे, कोणाची, कोणाकडून आली. हे शेवटचं सगळ्यात आधी लिहा, कारण सांगणाऱ्या आज्या थकल्या आहेत. पुण्यात दिनकर केळकरांनी अशाच घरगुती वस्तू, दिवे, अडकित्ते गावोगाव फिरून जमवले, पत्नी कमलाबाई सोबतीला होत्या. १९७५ साली तो सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला दिला. राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. राजा हे त्यांच्या लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव. उत्तम बिलोरी पाहायची असेल तर मात्र हैदराबादला सालारजंग संग्रहालयात जा. परभणीहून थेट गाडी आहे आणि १९५१ सालापासून ते लोकांना खुलं आहे. आमचा गट दिवाळीनंतर जाणार आहे, डबे बांधून.

शेवटी एका ताईंचा निरोप आलाय त्याचं उत्तर. त्यांच्या अत्तराच्या कुपीचं बूच अडकलं आहे. ताई, पिळू नका, ठोकू नका. बुचाच्या कडेने खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब सोडा, उबेत रात्रभर ठेवा. सकाळी फडक्यात धरून हलकेच इकडे-तिकडे फिरवा. नाही निघालं तर पुन्हा तेल, पुन्हा एक रात्र. आमच्या एकीचं बूच सहाव्या दिवशी निघालं, आणि आत अजून वाळ्याचा वास होता.