सोयाबीनच्या दाण्यातली साखर

सोयाबीनचे भाव पडले की गावोगाव एक विचार हमखास निघतो. मातीमोल विकण्यापेक्षा घरच्या कोंबड्यांनाच घातलं तर काय बिघडलं? पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे तर उत्तर ठरलेले, "घाला, पण भाजून घाला. कच्चं घालू नका." हा सल्ला बरोबरच आहे. मात्र कच्चे का नको, एवढे विचारले की पुढचे उत्तर बहुधा "पचत नाही" इथेच संपते.

त्या 'पचत नाही'च्या मागे मोठी गोष्ट आहे. तिच्यात एका माणसाचे पन्नासएक वर्षांचे काम आहे आणि मरणाच्या दारातून परत आलेली लहान मुलेही आहेत.

कच्च्या सोयाबीनने जनावराची वाढ खुंटते आणि तेच शिजवून दिले तर ते पोसते, हे अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल या दोघांनी उंदरांवर प्रयोग करून १९१७ सालीच दाखवले होते. पुढे कारणे सापडली. एक म्हणजे, प्रथिने पचवणारा पाचकरस अडवणारे द्रव्य कच्च्या दाण्यात असते. कोंबडीचे स्वादुपिंड जादा काम करून करून सुजते ते यामुळेच, आणि नुकसानीतला मोठा वाटा याच द्रव्याचा. दुसरे द्रव्य मात्र चमत्कारिक. ते रक्तात टाकले की तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात! अशा द्रव्यांना आज 'लेक्टिन' म्हणतात.

लेक्टिनची पहिली ओळख झाली ती एरंडीतून. १८८८ साली डॉरपॅट येथे (हे गाव आता एस्टोनिया देशात असून त्याला तार्तू म्हणतात) स्टिलमार्क नावाचा तरुण एरंडीच्या बियांतले विष शोधत होता. त्या विषाने रक्ताच्या पेशी एकमेकींना चिकटतात, हे त्याने पाहिले. गुंजेच्या बीतही तसलेच विष निघाले. सोनाराच्या काट्यात बसलेली ती लालबुंद गुंज दिसायला गोड, पण तिच्या वाटेला न गेलेले बरे. एरंडीची पेंड गुरांपुढे टाकू नये, असे जुनी माणसे सांगत. ते उगाच नव्हे.

आता मूळ माणसाकडे येऊ. नेथन शॅरॉन यांचा जन्म १९२५ चा, पोलंडमधल्या ब्रेस्ट-लिटोव्स्कचा. हे गाव आज बेलारूसमध्ये आहे. १९३४ साली हे ज्यू कुटुंब पॅलेस्टाइनला आले. शिक्षण जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात झाले आणि १९५४ पासून ते रेहोवोत येथील वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये कामाला लागले. रेहोवोत हे संत्र्यांच्या बागांचे गाव; आपल्या वरूड-मोर्शीकडच्या मंडळींना ते परके वाटू नये. त्यांचे विभागप्रमुख होते एफ्राइम कात्झिर, जे पुढे १९७३ मध्ये इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष झाले.

शॅरॉन यांना नाद होता साखरेचा. कारखान्यातून पोत्यात येते त्या साखरेचा नव्हे, तर तिच्या भाऊबंदांचा. मॅनोज, गॅलॅक्टोज, फ्युकोज, ग्लुकोसामीन अशी त्यांची नावे. ही भावंडे एकमेकांना जोडून छोट्या साखळ्या करतात आणि त्या साखळ्या प्रथिनांना लागलेल्या असतात. मक्याच्या कणसाला केस असतात ना, तसेच काहीसे. १९५० च्या सुमारास बहुतेक शास्त्रज्ञांना हे केस म्हणजे बिनकामाचा कचरा वाटे. साखर म्हणजे शरीराचे जळण, नाही तर लाकडासारखा बांधकामाचा माल. तिच्यात कसली अक्कल असायची?

अक्कल होती. माणसाचा रक्तगट ए की बी, हे ठरते ते अशाच साखळीच्या टोकाला कोणती साखर बसली आहे त्यावरून. एका साखरेचा फरक, पण चुकीचे रक्त चढवले तर माणूस दगावतो. यात आपल्या मुंबईचेही नाव आहे. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली एक दुर्मीळ रक्तगट जगापुढे मांडला. तो आज 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. या लोकांच्या रक्तपेशींवर ए आणि बी साखळ्यांच्या खालची पायाची साखरच, म्हणजे फ्युकोज, बसलेली नसते. म्हणून त्यांना ओ गटाचेसुद्धा रक्त चालत नाही.

वनस्पतींच्या प्रथिनांनाही अशा साखळ्या खरोखर जोडलेल्या असतात का, याचा तेव्हा पक्का पुरावा नव्हता. अमेरिकेत आयर्विन लिनर यांनी १९५२ च्या सुमारास सोयाबीनमधले लेक्टिन वेगळे केले होते. त्यात साखरेचा अंशही दिसला होता. पण ती साखर वरवर लागलेली की अंगची? शॅरॉन आणि त्यांच्या सहकारी हलिना लिस यांनी हाच दाणा हाती धरला. प्रथिनाचे तुकडे करून त्यातला साखर जोडलेला नेमका तुकडा त्यांनी काढला आणि १९६६ मध्ये कात्झिर यांच्यासह जाहीर केले, की साखर प्रथिनाला पक्की सांधलेली आहे. पुढचे काम चिकाटीचे. त्या साखळीत कोणती साखर कोणत्या जागी बसली आहे, याचा नकाशा त्यांनी १९७८ मध्ये मांडला. पुढे हॉलंडमधल्या शास्त्रज्ञांच्या जोडीने नवे यंत्र वापरून पुन्हा तपासला आणि १९८१ मध्ये सुधारून छापला. नऊ मॅनोज, दोन ग्लुकोसामीन, एकूण अकरा मणी! एवढ्यासाठी पंधरा वर्षे. आपलाच नकाशा पुन्हा तपासायला बसणारी माणसे कमी असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. गंमत म्हणजे हीच अकरा मण्यांची साखळी जनावरांच्या आणि माणसांच्या प्रथिनांतही सापडते.

लेक्टिन रक्ताच्या गुठळ्या करते तेही साखरेमुळेच. ते पेशीवरची ठराविक साखर ओळखून तिलाच पकडते, दुसरीला हात लावत नाही. या नावाचे मूळ 'निवडणे' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. सुपात धान्य पाखडून खडा बाजूला काढावा, तशी पेशींची निवड लेक्टिनने करता येईल, हे शॅरॉन यांच्या प्रयोगशाळेला उमगले. भुईमुगाच्या दाण्यातले लेक्टिन त्यांनी १९७५ साली शुद्ध केले. त्याने कच्च्या आणि पक्व पेशी वेगळ्या काढता येतात, हे त्यांचे विद्यार्थी याइर राइस्नर यांनी उंदरांवर दाखवले.

आणि मग खरा उपयोग झाला. रक्ताच्या कर्करोगात रोग्याला दुसऱ्याची अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला मगज द्यावा लागतो. तो तंतोतंत जुळला नाही, तर दिलेल्या मगजातल्याच 'टी' पेशी रोग्याच्या अंगावर उठतात. जुळणारे भावंड प्रत्येकाला कुठले असायला? आई-बापाचा मगज असतो, पण तो अर्धाच जुळतो. न्यूयॉर्कच्या रुग्णालयात राइस्नर आणि तिथल्या डॉक्टरांनी मगज आधी सोयाबीनच्या लेक्टिनने आणि मग मेंढीच्या तांबड्या रक्तपेशींनी 'पाखडला', त्यातल्या टी पेशी काढून टाकल्या आणि उरलेला रोग्याला दिला. १९८१ मध्ये ही हकीकत छापून आली. प्रतिकारशक्ती नसलेली जी बाळे जन्मतात, साध्या सर्दीनेही जी दगावू शकतात, त्यांनाही पुढे याच रीतीने आई-बापाचा मगज देता आला. शेतातले सोयाबीन आणि रानातली मेंढी! आपल्या बांधावरच्याच या दोन गोष्टी, पण कुठे कामी आल्या पहा.

१९७७ साली शॅरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. गोचीड कातडीला धरते, तसे ई. कोलाय जंतू आपल्या पेशींवरच्या मॅनोज साखरेला धरून बसतात. मग मोकळी मॅनोज पुढे टाकली तर जंतू तिलाच धरतील आणि पेशी सुटेल, असा विचार निघाला. उंदरांच्या मूत्राशयात तो १९७९ मध्ये खरा ठरला. कोंबडीखाद्याच्या पोत्यावर 'एम. ओ. एस.' लिहिलेले असते, ती यीस्टच्या आवरणातली मॅनोजयुक्त द्रव्ये. त्यांच्यामागेही असाच विचार आहे. माणसांत मात्र सगळे जमले नाही. वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग होणाऱ्या सुमारे ६०० स्त्रियांवर ब्रिटनमध्ये चाचणी झाली. रोज मॅनोज घेऊन फायदा दिसला नाही, असा तिचा निष्कर्ष २०२४ मध्ये आला. दुकानात डबे विकले जातातच. घेणाऱ्याने विचार करावा.

शॅरॉन यांना १९९४ मध्ये इस्रायल पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये ते वारले.

आता आपल्या कामाचे. बियाण्याला रायझोबियम चोळतो, तेव्हा तो जिवाणू सोयाबीनच्याच मुळाला कसा ओळखतो? लेक्टिनमुळेच, असे १९७४ मध्ये काहींनी मांडले. पण दाण्यात लेक्टिन नसलेल्या सोयाबीनच्या वाणांवरही गाठी येतात, असे नंतर दिसले. मुख्य निरोप जिवाणूकडून जातो, हे १९९० पासून कळू लागले. तो निरोपही छोट्या साखरसाखळीचाच असतो.

राहिला कोंबड्यांचा प्रश्न. पाचकरस अडवणारे द्रव्य काय आणि लेक्टिन काय, दोन्ही उष्णतेने निकामी होतात. त्यासाठी दाणा आतपर्यंत तापला पाहिजे. नुसते टरफल काळे पडून उपयोग नाही, आणि जाळून कोळसा केला तर प्रथिनच वाया जाते. कारखान्यातली पेंड वाफेवर तापवलेली असते, म्हणून ती चालते. घरी राजमा करतानाही हेच. रात्रभर भिजवा, ते पाणी टाका आणि चांगला खळखळून उकळा. मंद आचेवर अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या होतात, त्या त्याच्यातल्या लेक्टिनमुळे.

गाई-म्हशींना थोडे कच्चे सोयाबीन सोसते, पण वैरणीला युरिया लावत असाल तर त्यासोबत कच्चे सोयाबीन अजिबात देऊ नका. त्यातल्या युरिएजमुळे पोटात एकदम अमोनिया तयार होतो आणि जनावर हातचे जाऊ शकते.